ऐतिहासिक चित्रपट आणि इतिहासाचा पाठ

शिक्षक बंधुभगिनींनी प्रभात कंपनीचा 'रामशास्त्री' (१९४४) हा चित्रपट प्रथम स्वतः पाहावा व मग वरच्या वर्गांस दाखवावा. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाबद्दल प्रत्यक्ष राघोबादादांस दोषी ठरविणारा न्यायाधीश मुलांच्या मनावर कायमचा ठसतो. परंतु घटना व चित्रपट यांत १७१ वर्षांचे अंतर आहे. पडद्यावरील संवाद लेखकाने रचलेले आहेत. मुले मात्र डोळ्यांनी पाहिले ते सारे खरे मानतात. म्हणून दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन रकाने आखावेत : 'इतिहासात आधार असलेले' व 'कल्पनेने रचलेले'. कोणता प्रसंग कोठे मांडावा, हे मुलांनीच पुस्तके चाळून ठरवावे. न ठरल्यास प्रश्नचिन्ह ठेवावे. सत्ताधीशास जाब विचारणाऱ्या न्यायाधीशाचा पाठ मुलांनी मुकाट्याने मान्य करावा, हे त्या पाठासच शोभणारे नाही.