‘कसं वाटतंय?’ला उत्तर सुचत नाही तेव्हा

समुपदेशनाच्या खोलीत पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: ‘आज कसं वाटतंय?’ स्वमग्न (ऑटिस्टिक) प्रौढांपैकी जवळजवळ निम्म्यांची गाडी इथेच अडते. २०१९ मध्ये अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तेव्हा साधारण ५० टक्के स्वमग्न माणसांना स्वतःच्या भावना ओळखणं आणि शब्दांत सांगणं अवघड जातं, असं दिसलं. पोटात कालवाकालव होतेय हे कळतं. पण ती भीती आहे, राग आहे की सकाळपासून पोटात काहीच गेलेलं नाही, हे उमगत नाही. मग ते ‘ठीक’ म्हणतात. समोरचा वहीत टिपून ठेवतो, ‘मोकळेपणाने बोलत नाही’. दोन-चार भेटींनंतर येणं थांबतं.

स्वमग्नता आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं, चंचलता, उतावळेपणा) हे मुलांचे विषय, अशी आपल्याकडे अजून समजूत आहे. ती मुलं मोठी होऊन कुठे जातात, हे कुणी विचारत नाही. आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या ज्यांना दोन्ही आहेत, त्यांना लहानपणी दोन्हींचं निदान मिळणं कठीणच होतं. अमेरिकी मनोविकार नियमावलीच्या चौथ्या आवृत्तीनुसार स्वमग्नता असेल तर एडीएचडीचं वेगळं निदान करायचं नसे. हा अडसर २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने काढला. त्यातून मूल अभ्यासात बरं, वेळेवर बोलायला लागलेलं आणि मुलगी असेल तर विचारायलाच नको. ‘धांदरट’, ‘एककल्ली’, ‘माणूसघाणी’, ‘हुशार आहे पण आळशी’ अशी बिरुदं घेऊन ही मुलं मोठी होतात. पुढे स्वतःच्या मुलाला डॉक्टरांकडे नेल्यावर प्रश्नावली भरता भरता आईच्या किंवा बाबांच्या लक्षात येतं, की यातली निम्मी उत्तरं आपलीच आहेत.

दोन्ही एकत्र असतात तेव्हा घरातल्यांना कोडं पडतं. रोज डब्यात तीच मटकीची उसळ, तीही पातळ नको, पोळी वेगळ्या कप्प्यात. महिनोन्‌महिने हे चालतं. मग एके दिवशी तीच उसळ घशाखाली उतरत नाही. स्वमग्नतेला ठरलेली घडी हवी असते आणि एडीएचडीला तिचाच कंटाळा येतो. बाहेरून हे नखरे वाटतात. आत मात्र सतत रस्सीखेच चालू असते.

या रस्सीखेचीवर पांघरूण घालण्यात बरीच शक्ती जाते. नजरेला नजर देण्यासाठी मनात आकडे मोजायचे, लोक हसले की अर्धा क्षण मागून हसायचं, लग्नात डीजे आणि फोडणीचा वास सोसत हसऱ्या चेहऱ्याने पंगतीत बसायचं आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही म्हणून बोलणी खायची. केंब्रिजच्या एका क्लिनिकमध्ये मोठेपणी अ‍ॅस्पर्जरचं (स्वमग्नतेच्या एका प्रकाराचं तेव्हाचं नाव) निदान झालेल्या ३७४ जणांची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ६६ टक्के लोकांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. तज्ज्ञांकडे येणाऱ्यांचा हा आकडा सगळ्यांना लागू होत नाही, पण तो दुर्लक्ष करण्यासारखाही नाही. असे विचार येत असतील तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

लपवण्याचा हा ताण पाहता उपचाराचं ध्येय काय, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. ‘चारचौघांसारखं वागायला शिकवा’ ही घरच्यांची मागणी असते, आणि काही समुपदेशक ती मनावर घेतात. या मागणीमागचं गृहीतक तपासणारा एक साधा प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी साखळी केली. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत गोष्ट जितकी टिकली, तितकीच सगळे अ-स्वमग्न असलेल्या साखळीतही टिकली. दोघांची सरमिसळ केली तिथे मात्र तपशील भराभर गळाले. म्हणजे संवाद तुटण्याचा दोष एकाच्या पदरात टाकता येत नाही. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन २०१२ पासून हेच सांगत होते.

हे मान्य करणारं समुपदेशन वेगळं दिसतं. उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१२ मध्ये स्वमग्न प्रौढांसाठी काही बदल सुचवले: भेटीची आखणी ठरलेली असावी, बोलण्याबरोबर लेखी आणि चित्रांची मदत घ्यावी, अलंकारिक भाषेचा अतिरेक टाळावा, मध्ये विश्रांती द्यावी, माणसाच्या आवडीचा विषय कामाला लावावा. प्रत्यक्षात याचा अर्थ असा, की ‘कसं वाटतंय’ऐवजी ‘खांदे आखडलेत का? झोप किती झाली? काल कुठला आवाज सहन झाला नाही?’ असं विचारायचं. रेल्वेचं वेड असलेल्या माणसाला ‘ताण किती?’ विचारलं तर तो गप्प बसेल. ‘ताणाची लोकल आत्ता कुठल्या स्थानकात आहे, कल्याण की दादर?’ विचारलं तर बरोबर सांगेल. नजरेला नजर द्यायची सक्ती नको. ट्यूबलाइट लुकलुकत असेल तर ती बंद करावी.

एडीएचडीचं गणित थोडं निराळं आहे. गोळ्या सुरू असूनही त्रास उरलेल्या ८६ प्रौढांवर अमेरिकेत झालेला अभ्यास २०१० मध्ये छापून आला. निम्म्यांना शिथिलीकरण शिकवलं; बाकीच्यांना एकच वही, एकच कॅलेंडर, मोठ्या कामाचे तुकडे पाडणं आणि लक्ष उडालं की ते परत आणण्याच्या युक्त्या शिकवल्या. दुसऱ्या गटाला जास्त फायदा झाला आणि तो वर्षभर टिकला. यात बालपण उकरणं नव्हतं, ‘जरा मनावर घे’ असा उपदेशही नव्हता.

दमून कोसळलेल्या माणसाच्या बाबतीत विशेष जपावं लागतं. नैराश्यात ‘बाहेर पड, चार लोकांत मिसळ’ हा सल्ला अनेकदा लागू पडतो. वर्षानुवर्षं मुखवटा सांभाळून थकलेल्या स्वमग्न व्यक्तीला तोच सल्ला आणखी खचवू शकतो. तिला आधी कमी माणसं, कमी आवाज आणि कमी जबाबदाऱ्या हव्या असतात. नैराश्य आणि हा थकवा एकत्रही असू शकतात, म्हणून निवाडा तज्ज्ञावर सोडावा.

स्वीकार म्हणजे कौतुकाची झूल नव्हे, हेही सांगायला हवं. ‘ही तर सुपरपॉवर!’ म्हणणारी रील्स वीजबिल भरायचं राहून दंड बसलेल्या माणसाच्या काही कामाची नाहीत. स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांवर औषध नाही, पण एडीएचडीवर आहे आणि ते बहुतेकांना उपयोगी पडतं. त्यातल्या मिथाइलफेनिडेट या औषधाची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदार ठेवून घेतो, इतकं ते नियंत्रित आहे; म्हणून कुणाच्या उरलेल्या गोळ्या ‘बघू तरी’ म्हणून घेऊ नयेत. आधी रक्तदाब, नाडी आणि हृदयविकाराचा इतिहास पाहावा लागतो. थायरॉइड, रक्तक्षय, अपुरी झोप, रजोनिवृत्तीच्या आसपासचे बदल यांनीही डोकं असंच विस्कटल्यासारखं होतं. त्या तपासण्या अगोदर उरकाव्यात.

निदानासाठी मनोविकारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ गाठावेत. एडीएचडीची काही लक्षणं बारा वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात, त्यामुळे माळ्यावरची जुनी प्रगतिपुस्तकं खाली काढावीत. ‘हुशार, पण वर्गात लक्ष नसते’ हा बाईंचा लाल शेरा तिथे सापडतो. शक्य असेल तर आई, मावशी किंवा मोठी बहीण सोबत असावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. कचेरीत सवलत मागताना हा फरक ठाऊक असावा, आणि मागणी नेमकी असावी: सूचना लेखी द्या, दारापासून दूरची जागा द्या, हेडफोन लावू द्या.

पहिल्या भेटीची वेळ फोनवर घेणं जमत नसेल तर संदेश पाठवून घ्यावी. त्याच वेळी दोन गोष्टी विचाराव्यात: आदल्या संध्याकाळी आठवण करून द्याल का, आणि भेट चुकली तर काय करता? ‘म्हणजे तुम्हाला बरं व्हायचंच नाही’ असं उत्तर आलं, तर दुसरं दार ठोठावावं.