वारं किती वाजता गेलं?

प्रश्न : गेल्या श्रावणात आमच्या वडिलांच्या अंगावरनं वारं गेलं. पहाटे उठले तर उजवा हात उचलेना, जीभ जड झालेली. रात्री दार उघडं ठेवून झोपले होते, त्यामुळं वारं शिरलं असं आजी म्हणते. कोल्हापूरला नेलं तर डॉक्टर म्हणाले, गुठळी विरघळवायची वेळ निघून गेली. आता आठ महिने होत आले. चालतात, पण हात पुरता आलेला नाही. सहा महिन्यांत आलं तेवढंच, पुढं काही येत नाही, असं सगळे सांगतात. वारं खरंच लागतं का? वेळ गेली म्हणजे नेमकी कुठली? आणि हाताचं काय?
– एक वाचक, गारगोटी

उत्तर : आजींचा शब्द जुना आहे आणि तो उगाच आलेला नाही. आयुर्वेदानं हा रोग वातव्याधींत घातला. पक्षाघात, अर्धांगवायू ही नावं त्याच परंपरेतली. तिथला वायू म्हणजे शरीरातला वातदोष. लोकांच्या तोंडी रुळता रुळता तो दाराच्या फटीतून शिरणारा वारा झाला. युरोपातल्या लोकांनाही शेकडो वर्षं असंच वाटायचं, की माणसाला कुणीतरी न दिसणारा तडाखा दिला. लकव्याचं इंग्रजी नाव स्ट्रोक, आणि त्या शब्दाचा अर्थच मुळी फटका. योहान याकोब वेप्फर या स्विस वैद्यानं शवविच्छेदनं केली आणि १६५८ मध्ये ग्रंथ लिहून सांगितलं, की अशा रुग्णांच्या मेंदूत रक्त सांडलेलं असतं किंवा रक्ताची वाट अडलेली असते. त्याच्या पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेतला. इतकी जुनी माहिती आहे ही, तरी अजून आपल्या घरांत नीट पोचलेली नाही.

म्हणजे वारं लागत नाही. आजींच्या निरीक्षणात मात्र तथ्य आहे. सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळात स्ट्रोकचं प्रमाण खरोखरच जास्त असतं, आणि थंडीत रक्तदाब वाढतो. सकाळची वेळ त्यांनी बरोबर हेरली, फक्त दोष दारावर गेला. तो बहुतेक वेळा वर्षानुवर्षं न मोजलेल्या रक्तदाबाचा असतो.

आता वेळेचं. मला या उत्तरात सगळ्यात जास्त हेच सांगायचं आहे. मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीनं बंद पडली आणि उपचार झाला नाही, तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब जेफ्री सेव्हर या अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञानं २००६ मध्ये मांडला. गारगोटीहून कोल्हापूरला यायला एक तास धरला, तर वाटेतच अकरा कोटींहून जास्त पेशी गेल्या. गुठळी विरघळवणारं औषध १९९५ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीत तीन तासांपर्यंत उपयोगी ठरलं. २००८ मध्ये युरोपातल्या चाचणीनं ती मुदत साडेचार तासांवर नेली.

हे साडेचार तास मोजायचे कधीपासून? माणूस शेवटचा धडधाकट दिसला त्या क्षणापासून. तुमचे वडील रात्री दहाला झोपले आणि पहाटे पाचला उठले असतील, तर झटका पावणेपाचला आला असला तरी डॉक्टरांच्या घड्याळात सात तास होऊन गेलेले असतात. ‘वेळ गेली’ म्हणजे ही वेळ. दर पाच रुग्णांत साधारण एकाला असाच झोपेतून उठल्यावर लकवा लक्षात येतो, आणि बरीच वर्षं या लोकांना औषध मिळतच नसे. २०१८ मध्ये युरोपातल्या ‘वेक-अप’ चाचणीनं वाट काढली. घड्याळाऐवजी एमआरआयच्या चित्रावरून ताजी इजा ओळखली आणि मग औषध दिलं. अशा रुग्णांपैकी ५३ टक्के जवळपास पूर्ववत झाले. औषध न मिळालेल्यांत हे प्रमाण ४२ टक्के होतं.

दुसरी वाट जांघेतून जाते. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढतात. २०१५ मध्ये एकामागून एक पाच चाचण्यांनी हा उपचार सिद्ध केला, आणि २०१८ च्या ‘डॉन’ चाचणीनं दाखवलं, की मोठी वाहिनी बंद असेल आणि वाचवण्याजोगा मेंदू शिल्लक असेल, तर काही निवडक रुग्णांना २४ तासांपर्यंत फायदा होतो. त्यामुळं ‘वेळ गेली’ हे ऐकल्यावर आणखी एक प्रश्न विचारायला हवा : मोठी रक्तवाहिनी बंद आहे का, आणि गुठळी काढता येईल का? तुमच्या वडिलांच्या बाबतीत काय झालं असतं हे मी सांगू शकत नाही, आणि त्याचा सल तुम्ही मनात ठेवू नये. पुढच्या माणसासाठी हा प्रश्न तयार असू द्या.

गुठळी विरघळवणारं औषधही बदलतं आहे. आधीचं आल्टेप्लेज सलाइनमधून तासभर द्यावं लागे. टेनेक्टेप्लेज एका इंजेक्शनात काही सेकंदांत देता येतं, आणि २०२२ मध्ये कॅनडातल्या मोठ्या चाचणीत ते आल्टेप्लेजपेक्षा कमी पडलं नाही. आपल्या पुण्यात हिंजवडीला जेनोव्हा कंपनी ते बनवते. ज्या जिल्ह्यात रुग्णाला एका गावातून दुसऱ्या शहरात हलवावं लागतं, तिथं सुई टोचून लगेच गाडीत घालता येणं ही मोठीच सोय आहे.

आणि आपला कोल्हापूर जिल्हा तसाच आहे. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी डोंगरकडेला. चंदगड तर शंभर किलोमीटरवर, तिथल्यांना बेळगाव जवळ. पंचगंगेला पूर आला की शिरोलीजवळ महामार्गच बंद, २०१९ आणि २०२१ मध्ये झाला तसा. म्हणून कुणी आजारी नसताना, आजच फोन करून विचारून ठेवा : आपल्या जवळच्या कुठल्या रुग्णालयात रात्रीही सीटी स्कॅन होतो, आणि गुठळीचं इंजेक्शन कुठं मिळतं? तो नंबर भिंतीवर, कॅलेंडरशेजारी लिहा. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे; फोनवरच ‘लकव्याचा संशय आहे’ असं सांगा.

आमच्या मामांच्या वेळी आम्ही दीड तास घरातच घालवला. कुणी लिंबूपाणी पाजलं, कुणी कांदा हुंगवला, कुणी जिभेखाली बीपीची गोळी ठेवली. यातलं काहीही करू नये. घशाचे स्नायू लुळे पडलेले असू शकतात, मग पाणी फुप्फुसात जातं. रक्तदाब एकदम उतरवला तर मेंदूचं उरलंसुरलं रक्तही तुटतं. ॲस्पिरिनही देऊ नये. दर पाच-सहा रुग्णांत एकाच्या मेंदूत गुठळी नसते, रक्तस्राव असतो, आणि तो बाहेरून ओळखता येत नाही. त्यासाठीच सीटी स्कॅन.

तोंड वाकडं, हात खाली पडतोय, बोलणं अडखळतंय, यातलं एक दिसलं तरी निघायचं. बोलणं तपासताना ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ म्हणायला लावू नका. आयुष्यभर तोंडात बसलेले शब्द भाषेचं केंद्र दुखावलं तरी कधी कधी सुखरूप बाहेर पडतात. नवं वाक्य द्या : ‘काल गल्लीत दोन म्हशी भांडल्या.’ आणि दहा मिनिटांत सगळं आपोआप ठीक झालं, तरी घरी थांबू नका. ती पुढच्या मोठ्या झटक्याची सूचना असते. ऑक्सफर्डच्या २००७ च्या अभ्यासात अशा लोकांवर तातडीनं उपचार सुरू केल्यावर पुढच्या तीन महिन्यांतला धोका तब्बल ८० टक्क्यांनी उतरला.

लकव्यावरच्या झाडपाल्याच्या औषधाचा आणि पारव्याच्या रक्ताचा लौकिक बहुधा अशाच, आपोआप ठीक झालेल्या लोकांवर उभा आहे. शिवाय चेहऱ्याची एकच नस सुजून तोंड वाकडं होण्याचा वेगळा आजार आहे, बेल्स पाल्सी नावाचा. तो बहुतेकांचा आपोआप बरा होतो. गुण यायचाच असतो, श्रेय औषधाला जातं, आणि पुढच्या खऱ्या लकव्याचा रुग्ण सीमाभागात औषध आणायला जीपमध्ये बसतो. आणि हा आजार लहान नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेनं २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली. दर सातांत एक मृत्यू लकव्यानं झालेला निघाला. दुसरं कुठलंच कारण त्याच्यापुढं नव्हतं. त्यातली बहुतेक माणसं घरातच गेली.

आता हात. पहिल्या तीन महिन्यांत मेंदू सर्वांत भराभर सावरतो हे खरं. पण सहा महिन्यांनी फाटक बंद होतं हे खरं नाही. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमध्ये हातासाठी तीन आठवड्यांत ९० तासांचा कार्यक्रम आहे. तिथं आलेल्या निम्म्या लोकांना लकवा होऊन दीड वर्ष उलटलेलं होतं, तरी हात सुधारले आणि सुधारणा सहा महिन्यांनंतरही टिकली. ९० तास! आपल्याकडं आठवड्यातून दोनदा वीस मिनिटांचा व्यायाम होतो आणि मग आपण म्हणतो, हात आला नाही.

कोल्हापुरात लकवा म्हटला की आधी आठवतं मालीश. तालमीतल्या तेलाच्या मालिशीनं बरं वाटतं, त्यात गैर नाही, फक्त लुळा हात धरून ओढू नये. खांदा सांध्यातून निसटतो. पण मालीश करून घेऊन कुणी पैलवान झालेला नाही. जोर-बैठका स्वतःच माराव्या लागतात. मेंदूचंही तेच : हात हलवायचा प्रयत्न रुग्णानं स्वतः करावा, एकच काम शंभरदा करावं, आणि ते काम त्याच्या जगण्यातलं असावं. तांब्या उचलणं, शेंगा फोडणं, सदऱ्याची बटणं लावणं. घाईही नको. २०१५ च्या ‘ॲव्हर्ट’ चाचणीत पहिल्या २४ तासांतच रुग्णांना वारंवार उठवून चालवलं, तर निकाल उलट वाईट आले. तुमच्या वडिलांची ती वेळ केव्हाच मागं पडली. आता भरपूर करायला हरकत नाही. फिजिओथेरपिस्टना ९० तासांची गोष्ट सांगा आणि रोजचं वेळापत्रक मागा.

एक गोष्ट घरातल्या बायकांसाठी लिहितो. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर ‘अटेंड’ नावाची चाचणी झाली, २०१७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. एका गटात घरच्यांना शिकवून त्यांच्याकडून व्यायाम करून घेतला, दुसऱ्यात नाही, आणि सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत्यू किंवा परावलंबित्व सारखंच निघालं, ४७ टक्के. व्यायाम निरुपयोगी आहे असा अर्थ मी यातून काढत नाही. प्रशिक्षित माणसाचं काम सुनेच्या गळ्यात घालून भागत नाही, असा काढतो. सासऱ्यांचा हात आला नाही म्हणून तिला बोल लावणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

प्रश्न : तांबड्या रश्श्यानं लकवा होतो का? मटण सोडायला सांगितलंय.
– एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : तिखटाचा दोष नाही, मिठाचा आहे. रस्सा, त्याबरोबर खर्डा, लोणचं, पापड, सकाळी मिसळीवरचं फरसाण. दिवसाला पाच ग्रॅमची मर्यादा दुपारपर्यंतच ओलांडली जाते. चीनमध्ये ६०० गावांतल्या सुमारे २१ हजार लोकांवर एक सुंदर प्रयोग झाला. निम्म्या गावांना नेहमीचं मीठ, निम्म्यांना एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं. पाच वर्षांनी दुसऱ्या गटात लकवा १४ टक्क्यांनी कमी. असं मीठ आपल्याकडंही मिळतं, पण मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करू नका. ते गोळीमुळंच नॉर्मल आलेलं असतं. मटणाचं प्रमाण डॉक्टर सांगतील तसं. तंबाखू आणि मिसरी मात्र आजच सोडा.

प्रश्न : सासूबाईंना लकवा झाल्यापासून स्वतःचं नावही सांगता येत नाही. पण संध्याकाळी आरती सुरू झाली की पूर्ण म्हणतात. घरातले म्हणतात नाटक करतात. असं कसं?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नाटक मुळीच नाही. बहुतेकांच्या मेंदूत शब्द जुळवण्याचं काम डाव्या बाजूला चालतं. चाल, लय आणि पाठ झालेलं गाणं यांत उजव्या बाजूचाही मोठा वाटा असतो. डावी बाजू दुखावली की बोलणं जातं, आरती राहते. बोस्टनमधल्या तज्ज्ञांनी १९७३ च्या सुमारास यावरूनच उपचार बसवला : रोजचं छोटं वाक्य सुरात, सावकाश, डाव्या हातानं ठेका धरत म्हणवून घ्यायचं. अशा सरावानं शब्द आणि वाक्यं मागून म्हणता येतात असं दिसलं आहे; मनातलं मोकळेपणी बोलणं त्यानं दरवेळी परत येतंच असं नाही. वाचाउपचारतज्ज्ञांना जरूर दाखवा.

त्यांना सगळं समजत असण्याची शक्यता मोठी आहे, त्यामुळं त्यांच्यासमोर ‘नाटक’ हा शब्द उच्चारू नका. लकव्यानंतर दर तिघांत एकाला नैराश्य येतं. त्या खूप रडत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. प्रश्न असे विचारा की मान हलवून उत्तर देता येईल. आणि आज आरती संपली की टाळ लगेच खाली ठेवू नका. त्याच चालीत, त्याच ठेक्यावर, त्यांचा डावा हात हातात धरून म्हणून बघा : ‘चहा हवा.’