उशी, टाचण्या आणि बारा काड्या : बॉबिन लेसचा पहिला पाठ

आमच्या वसतिगृहात हस्तकलेच्या तासाला बॉबिन लेस शिकविण्यास आम्ही आरंभ केला, तेव्हा पहिला आक्षेप एका पालकांनी घेतला. मुलीला भेटण्यासाठी रविवारी ते आले होते. व्हरांड्यात ती उशीपुढे बसून काड्या हलवीत होती. थोडा वेळ पाहून ते म्हणाले, "गुरुजी, आमच्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या हातानेच राबणूक केली. पोरीला इथे पुस्तकासाठी पाठविली. तिच्या हाती पुन्हा दोरा कशाला?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला त्या दिवशी नीट देता आले नाही. जातीने माणसाच्या हाती जन्मतःच काम ठेवले आणि ते बदलण्याचा अधिकार काढून घेतला, हा बाबासाहेबांचा आक्षेप आम्ही वर्गात शिकवितो. वतनाच्या नावाखाली चालणाऱ्या राबणुकीविरुद्ध १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले, हेही शिकवितो. तेव्हा त्या पालकांचा प्रश्न रास्तच होता. प्रस्तुत लेख म्हणजे त्यांना उशिरा दिलेले उत्तर आहे, आणि ज्यांना ही कला घरी करून पाहावयाची असेल त्यांच्यासाठी पहिला पाठही आहे.

प्रथम ही लेस कोणती, ते सांगितले पाहिजे. बाजारात साडीला लावण्यासाठी वारावर मिळते ती बहुधा यंत्रावरची असते. आकडीच्या सुईने करतात ती क्रोशाची. बॉबिन लेसला सुई लागत नाही, आकडीही लागत नाही. घट्ट भरलेल्या उशीवर टोचलेल्या आकृतीचा पुठ्ठा ठेवावयाचा, त्यावर टाचण्या रोवावयाच्या आणि लहान काड्यांवर गुंडाळलेले दोरे एकमेकांवरून नेत टाचण्यांच्या आधाराने जाळी गुंफावयाची. आपल्याकडच्या वेणीची आणि गोफाची ही दूरची बहीण होय. सोळाव्या शतकात इटलीत, विशेषतः व्हेनिसच्या परिसरात, आणि फ्लँडर्समध्ये ती भरभराटीस आली. झुरिच येथे १५६१ साली छापलेल्या एका नमुना-पुस्तकात, व्हेनिसच्या व्यापाऱ्यांमार्फत ही कला तेथे १५३६ साली पोहोचल्याचे नमूद आहे.

या कलेचा इतिहास मात्र जाळीइतका नाजूक नाही. इंग्लंडमधील बकिंगहॅमशायर, बेडफर्डशायर व नॉर्थॅम्प्टनशायर या परगण्यांत 'लेस स्कूल' नावाच्या खोल्या असत. पाच-सहा वर्षांची मुले तेथे दिवसभर उशीपुढे बसविली जात. टाचण्यांची मोजदाद चुकू नये आणि हात मंदावू नये म्हणून त्यांच्याकडून एका ठेक्यात गाणी म्हणवून घेत. रात्री पाण्याने भरलेल्या काचेच्या गोळ्यातून मेणबत्तीचा उजेड एकवटून अनेकींनी त्यात काम करावे, अशी सोय असे. नावाला शाळा, प्रत्यक्षात कारखाना. १८६७ च्या कायद्याने आठ वर्षांखालील मुलांना अशा कामास लावणे बंद झाले आणि १८७० च्या शिक्षण-कायद्यानंतर या खोल्या ओस पडत गेल्या.

आपल्या देशात ही लेस आली ती त्रावणकोरात. नागरकोईल येथे लंडन मिशनच्या मुलींच्या वसतिशाळेत १८२० च्या सुमारास मार्था मॉल्ट यांनी ती शिकविण्यास सुरुवात केली. तेथील अनेक मुली समाजाने तळाशी ढकललेल्या जातींतील होत्या. त्या राज्यात गुलामगिरी कायद्याने संपली ती १८५५ साली, आणि नाडर स्त्रियांना छाती झाकण्याचा हक्क राजाज्ञेने मिळाला तो १८५९ साली. गुलाम म्हणून जन्मलेल्या काही मुलींनी लेस विकून आलेल्या पैशांतून स्वतःची सुटका विकत घेतली, अशी नोंद मिशनच्या इतिहासात आहे. हे वाचताना आमचे मन भरून येते; तरीही त्या लेसचे भाव, गिऱ्हाईक आणि नमुने यांवर त्या मुलींचा ताबा नव्हता, हे विसरता येत नाही. पुढच्या काळात आंध्रातील नरसापूरच्या क्रोशा-लेसविषयी मारिया मीस यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेच दुखणे दिसते : घरात बसून दिवसभर विणणाऱ्या बायका 'गृहिणी' म्हणून मोजल्या गेल्या आणि नफा बाहेर गेला.

याच्या उलट उदाहरण स्लोव्हेनियातील इद्रिया गावाचे आहे. पाऱ्याच्या खाणीचे हे गाव. खाणकामगारांच्या घरांत स्त्रिया लेस करीत. १८७६ साली तेथे लेसची शाळा स्थापन झाली, ती आजही चालू आहे. मुले नेहमीची शाळा करून शिवाय तेथे जातात. स्लोव्हेनियातील या कलेची युनेस्कोने २०१८ साली मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. नेहमीची शाळा प्रथम आणि लेस तिच्या जोडीला, ही रीत आम्हांला पटली.

म्हणून आमच्या वर्गाचे नियम आम्ही काम सुरू होण्याआधीच लिहून भिंतीवर लावले. आठवड्याला दोन तास, तेही दिवसाउजेडी. परीक्षेच्या महिन्यात वर्ग बंद. मुलगे व मुली एकत्र बसतील. किती केले याची नोंद ठेवली जाणार नाही. संस्था कोणाचीही लेस विकणार नाही. केलेली पट्टी ज्याची त्याने घरी न्यावी. या शेवटच्या नियमामुळेच सामान स्वस्त असणे भाग पडले. महागड्या साहित्यावर मालकी संस्थेची राहते आणि मूल उसनवारीवर बसते.

आता सामानाविषयी. युरोपातही जुन्या उशा गवताने ठासून भरलेल्या असत. आम्ही धानाचे तणस वापरतो. जाड कापडाची सुमारे ४० सेंटिमीटर रुंदीची गोल थैली शिवून तीत तणस भरावे, धोपटावे, पुन्हा भरावे. टाचणी रोवल्यावर डगमगली तर उशी अजून सैल आहे. तणस नसेल तेथे थर्मोकोलचे दोन जाड तुकडे एकावर एक चिकटवून वर कापड ताणावे. दोन-तीन पट्ट्यांनंतर भोके सैल होतात, तेव्हा उलटून घ्यावे. वरचे कापड गडद रंगाचे हवे. पांढऱ्या दोऱ्याखाली पांढरे कापड असले की डोळे शिणतात.

बॉबिनसाठी आम्ही झिजलेल्या पेन्सिली वापरतो. वसतिगृहात त्यांचा तुटवडा कधीच नसतो. सहा कडांची पेन्सिल उशीवरून घरंगळत नाही, हा तिचा मोठा गुण. सात-आठ सेंटिमीटरचा तुकडा घ्यावा, एका टोकाला चिकटपट्टीचे चार-पाच वेढे देऊन कंगोरा करावा. दोरा कंगोऱ्याच्या खाली गुंडाळावा आणि शेवटी एक फास टाकून अडकवावा, म्हणजे काडी लोंबती ठेवली तरी दोरा आपोआप उलगडत नाही. काडी फिरवली की हवा तेवढाच सुटतो. हा फास जमण्यास एक पूर्ण तास लागतो. तो जाऊ द्यावा. येथे घाई केल्यास पुढे महिनाभर गुंते सोडवीत बसावे लागते.

दोरा क्रोशाचा सुती, २० नंबरचा. रेशमी किंवा नायलॉनचा दोरा नवशिक्याला देऊ नये, तो निसटतो.

उशीला हात लावण्यापूर्वी आम्ही मुलांना अंगणातल्या लिंबाखाली नेतो. फांदीला चार रंगांचे चार दोर बांधतो आणि चार मुलांना ओळीने उभे करून एकेक दोर हाती देतो. डावीकडून जागा १, २, ३, ४. सारी विद्या दोन हालचालींत आहे. पहिली 'छेद' : मधल्या दोघांनी जागा बदलावयाच्या, २ चा दोर ३ च्या दोरावरून. दुसरी 'पीळ' : दोन्ही जोड्यांत उजव्याने डाव्यावरून जावयाचे, २ चा दोर १ वरून आणि ४ चा दोर ३ वरून. अंक जागेचे आहेत, मुलांचे नाहीत. आता जो ३ वर आला तो ३. मोठ्यांना हे समजावून सांगावे लागते, मुलांना लागत नाही.

छेद, पीळ, छेद असे केले की १ व २ वर उभी असलेली मुले ३ व ४ वर पोहोचतात आणि पलीकडची जोडी अलीकडे येते. हा कापडी टाका. केवळ छेद आणि पीळ हा अर्धा टाका. तो पुन्हा पुन्हा केला की गोफ तयार होतो. येथे आम्ही थांबून विचारतो : अर्धा टाका किती वेळा केल्यावर चौघेही आपापल्या मूळ जागी येतील? मुले वहीत अक्षरे मांडून पाहतात. चार वेळा. उत्तर सांगू नये. दोर हाती असताना ते सापडते. गणितात मागे पडणारी मुले येथे पुढे सरकताना आम्ही पाहिली आहेत.

मग पहिली पट्टी, पुस्तकात ठेवण्याच्या खुणेची. आलेखाच्या कागदावर १५ मिलिमीटर अंतरावर दोन समांतर रेषा काढाव्यात. डाव्या रेषेवर दर ६ मिलिमीटरला एक ठिपका. उजवीकडेही तसेच, परंतु ३ मिलिमीटर खाली सरकवून, म्हणजे ठिपके एकाआड एक येतील. कागद पुठ्ठ्यावर चिकटवून प्रत्येक ठिपका सुईने टोचावा. हा झाला खाका.

सहा जोड्या, बारा काड्या. एका दोऱ्याची दोन टोके दोन काड्यांवर गुंडाळली की एक जोडी होते. पाच जोड्या उभ्या राहणाऱ्या. त्यांना प्रत्येकी १२० सेंटिमीटर दोरा पुरतो. सहावी जोडी विणकरीण. ती डावीकडून उजवीकडे आणि परत अशी येरझाऱ्या घालते, म्हणून तिला ४ मीटर द्यावा आणि तिचा दोरा निळा असावा. पाच जोड्या वरच्या ओळीत पाच टाचण्यांवर लोंबवाव्यात, निळी जोडी डाव्या कडेच्या पहिल्या टाचणीवर. निळ्या जोडीने शेजारच्या जोडीबरोबर कापडी टाका घ्यावा, मग पुढच्या जोडीबरोबर, याप्रमाणे पाचही जोड्यांतून पलीकडे जावे. तेथे निळ्या जोडीला दोन पीळ द्यावेत, ती आणि शेवटची उभी जोडी यांच्यामध्ये खाक्यावरील ठिपक्यात टाचणी रोवावी आणि टाचणीला वळसा घालून निळी जोडी परत फिरवावी. टाचण्या किंचित बाहेर कललेल्या असाव्यात. प्रत्येक वळणावर सर्व काड्या हलकेच ओढून दोरे सारखे करावेत. जोराने ओढल्यास कड आत जाते.

चुका ठरलेल्या आहेत. निळा दोरा मध्येच एकटा पडला, म्हणजे निळी जोडी फुटली, तर मागे कोठेतरी पीळ राहिला आहे. अशा वेळी काही शिक्षक कात्री घेतात. आम्हांला ते मान्य नाही. ज्या क्रमाने आलो त्याच्या नेमक्या उलट क्रमाने परत जावे, छेद सोडवावा, पीळ सोडवावा, टाचणी काढावी. एक विद्यार्थी नऊ ओळी मागे गेला. आम्ही त्याला थांबविले नाही आणि मदतही केली नाही. आनापानाच्या बैठकीत ज्याचे मन दोन मिनिटे ठरत नसे, तो पाऊण तास बोलला नाही.

पट्टी साधारण १५ सेंटिमीटरची झाली की जोड्यांच्या घट्ट दुहेरी गाठी माराव्यात आणि उरलेल्या दोऱ्यांचे गोंडे सोडावेत. टाचण्या शेवटी काढाव्यात. त्यांचा हिशेब कडक ठेवावा : प्रत्येकाला मोजून द्याव्यात, तेवढ्याच मोजून घ्याव्यात. मुले त्याच व्हरांड्यात अनवाणी वावरतात.

आक्षेप घेणारे पालक पुढच्या भेटीला आले तेव्हा मुलीने त्यांच्याच हाती दोर दिला आणि लिंबाखाली ३ क्रमांकावर उभे केले. गोफ आपण गावात पाहिला आहे, पण त्यामागे हिशेब आहे हे ठाऊक नव्हते, असे ते म्हणाले. मुलीने दहावीनंतर काय करावे याविषयी त्यांचे मत बदललेले नाही, आमचेही नाही. तिला विज्ञान शाखेत जावयाचे आहे. पट्टी तिच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात आहे.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्या घरी झिजलेल्या पेन्सिली, गडद रंगाच्या कापडाचे तुकडे किंवा क्रोशाच्या दोऱ्याचे उरलेले गुंडे असतील, तर वसतिगृहाकडे येताना अवश्य आणावेत. टाचण्या मात्र नव्या आणि न गंजणाऱ्या असाव्यात. उशीत चार दिवस राहिलेली लोखंडी टाचणी पांढऱ्या दोऱ्यावर तांबूस डाग ठेवते, आणि तो धुऊन जात नाही.