भुसावळ : केंद्राच्या पैशावर वाढलेलं गाव

पाहुणे मंडळींनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी भुसावळ पाहिलं असेल ते गाडीच्या खिडकीतून. मुंबईहून येणारी लाईन इथे दुभंगते. एक फाटा खंडव्यावरून इटारसीकडे जातो, दुसरा अकोला-बडनेरा करत नागपूरला. नागपूरची लाईन १८६७ साली पूर्ण झाली, १८८२ मध्ये नगरपालिका आली. मध्य रेल्वेच्या विभागाचं मुख्यालय, लोको शेड, रेल्वेची प्रशिक्षण संस्था हे सगळं आजही इथेच आहे. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी उभी राहिली, पुढे वरणगावलाही एक झाली. रेल्वे क्वार्टर्समध्ये तमिळ, तेलुगू, हिंदी, मराठी घरं शेजारी-शेजारी नांदली, आणि बाजारात लेवा बोलीही तितक्याच मोकळेपणाने चालली.

केंद्राचा एवढा मोठा पैसा या गावात कुणी अर्ज न करता आला. रेल्वेला जंक्शन हवं होतं, दिल्लीला कारखाना हवा होता. गल्लीतलं वाचनालय, व्यायामशाळा, महिला मंडळाचा हॉल यांची मात्र दिल्लीला गरज नसते. ती आपल्याला असते, म्हणून मागावी लागते. अधिवेशनाचे यजमान या नात्याने आम्हाला इथे मंदिरं-बाजारपेठांपेक्षा या मागण्याबद्दलच जास्त सांगावंसं वाटतं, कारण बहुतेक मंडळं इथेच अडतात.

सर्वांना ठाऊक असलेली वाट म्हणजे खासदार निधी. डिसेंबर १९९३ मध्ये ही योजना सुरू झाली आणि २०११-१२ पासून प्रत्येक खासदाराला वर्षाला ५ कोटी रुपयांची कामं सुचवता येतात. कोरोनाकाळात ती काही काळ थांबली होती, पुन्हा सुरू झाली. भुसावळ रावेर लोकसभा मतदारसंघात येतं. खासदार काम फक्त सुचवतात, पैसे त्यांच्या हातात येत नाहीत. मंजुरी जिल्हा प्रशासन देतं, म्हणजे आमच्यासाठी जळगाव. खासदारांचं शिफारसपत्र मिळालं की मंडळं पेढे वाटतात. खरं काम त्या दिवशी सुरू होतं.

संस्था नोंदणीकृत हवी, किमान तीन वर्षं समाजकार्यात असावी. लेखापरीक्षण अहवाल हवेत, कार्यकारिणीचा ठराव हवा, अंदाजपत्रक हवं. काम टिकाऊ आणि सर्वांच्या उपयोगाचं असावं. प्रार्थनास्थळासाठी हा निधी मिळत नाही. वास्तू लोकांसाठी खुली राहील असा करार करून द्यावा लागतो. पण सगळ्यात जास्त प्रस्ताव बुडतात ते जागेपायी. हॉल असतो वीस-तीस वर्षांचा, आणि उतारा निघतो एखाद्या दिवंगत पदाधिकाऱ्याच्या नावावर. वारसांचं मन वळवण्यात वर्षं जातात. जागा रेल्वेची असेल तर परवानगीचं प्रकरण वेगळंच. म्हणून आमचा आग्रह आहे : अर्ज लिहायच्या आधी मिळकत पत्रिका काढा.

वाचनालयांना आणखी एक दार आहे. १९७२ साली स्थापन झालेलं कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान ग्रंथांसाठी, इमारतीसाठी साहाय्य देतं. त्यासाठी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे चौकशी करावी. केंद्राच्या मंत्रालयांकडे थेट जाणाऱ्या संस्थांना ‘दर्पण’ पोर्टलवरची नोंदणी बहुधा लागतेच. पैसे खर्च झाल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत द्या, नाहीतर पुढचा हप्ता अडकतो आणि पुढच्या कार्यकारिणीला दारात उभं करत नाहीत.

नगरपालिकेची गोष्टही याहून फार वेगळी नाही. २०११ च्या जनगणनेत भुसावळची लोकसंख्या १,८७,४२१ होती. एक लाखावरच्या शहरांसाठी २०१५ मध्ये आलेल्या अमृत योजनेत आपलं नाव लागलं ते त्यामुळे. त्या योजनेत दहा लाखांखालच्या शहरांना केंद्र निम्मा खर्च द्यायचं. उरलेला राज्य आणि नगरपालिकेने उभा करायचा होता. हतनूर धरण तालुक्यातच, तापी उशाशी, तरी इथल्या नळाच्या पाण्याचा प्रश्न वर्षानुवर्षं गाजतो. निधी मंजूर होणं आणि पाणी घरात येणं यांत किती अंतर असतं, ते इथल्या बायकांना विचारा.

अधिवेशनाच्या मोकळ्या वेळात आमचे कोषाध्यक्ष आणि रेल्वेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले काही सभासद मंडपात बसणार आहेत. येताना घटनेची प्रत, शेवटचा ऑडिट रिपोर्ट आणि जागेचा उतारा सोबत आणा. तुमचा प्रस्ताव कुठे कच्चा आहे ते तिथेच पाहू.