संगणकाची कोणती भाषा शिकावी?
क्लासची फी भरण्यापूर्वी काम कोणते करायचे ते ठरवा, असे आम्ही तरुणांना सुचवतो. नाहीतर पैसा आणि वर्ष दोन्ही वाया जातात.

१९९१ साली आलेली पायथन शिकायला सोपी. आकडेवारीचे काम थोड्या ओळींत होते, पण प्रोग्राम सावकाश चालतो. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये घडवलेली सी वेगवान आहे; मात्र मेमरीचा हिशेब स्वतः ठेवावा लागतो, आणि तो चुकला तर प्रोग्राम कोसळतो. २०१५ साली पहिली स्थिर आवृत्ती निघालेली रस्ट अशा बहुतेक चुका प्रोग्राम चालण्याआधीच पकडते, पण शिकायला कठीण.

म्हणून नवशिक्याने पायथनपासून सुरुवात करावी, असे आमचे मत आहे. एक भाषा पक्की झाली की दुसरी जड जात नाही.