पलंगाखालची शेगडी

मने, काल व्हिडिओ कॉलवर बाळ दाखवलंस, तेव्हा तुझ्या पलंगाखालची शेगडीही दिसली मला. खिडक्या घट्ट लावलेल्या, तुझ्या कानांवर फडकं. रात्रभर माझा डोळा लागला नाही. आई मालीशवाल्या मावशींशी बोलतेय, तोवर जरा ऐक.

माझ्या पहिल्या बाळंतपणात कल्याणच्या घरी अशीच शेक-शेगडी होती. बाराव्या दिवसापासून डोकं ठणकायचं, मळमळायचं, उठलं की अंधारी. सगळे म्हणाले, ओली बाळंतीण, अशक्तपणा असायचाच. मीही तेच धरून चालले. बाहेर गॅलरीत बसलं की तासाभरात बरं वाटायचं, हे माझ्याही ध्यानात आलं नाही. दीड महिन्याच्या लशीला गेलो, डॉक्टरांनी बाळाची छाती तपासली आणि पहिलं विचारलं, "घरात धुरी देता का?"

आई म्हणेल, निखारे कसे लखलखीत फुललेत, धूर कुठाय? अगं, त्या फुललेल्या कोळशातूनच कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो, मग प्राणवायूला जागाच उरत नाही. आणि बाळंतपणात तुझं किती रक्त गेलंय!

धुरीचा वास मलाही आवडतो. ओवा, बाळंतशेपा, वावडिंग म्हटलं की आजी आठवते. पण औषधी झाडपाल्याचा झाला तरी तो धूरच. त्यातले अगदी बारीक कण नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसात खोल जातात. तुझं पिल्लू मिनिटाला ४० ते ६० श्वास घेतं, आपण पंधरा-सोळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातल्या चुली-शेगड्यांच्या धुराने जगात ३२ लाख माणसं दगावली. त्यांत पाच वर्षांखालची २ लाख ३७ हजारांहून जास्त मुलं होती.

आईचं चुकलं असं नाही गं. मुरबाडच्या घराला कौलं होती, कुडाच्या भिंती होत्या, धूर आपोआप निघून जायचा. डोंबिवलीच्या दहा बाय दहाच्या खोलीत तो जाणार कुठे? आणि मुरबाडलाही सगळा जात नव्हताच. आजीचा तो खोकला आठवतो ना? आयुष्यात विडीला हात लावला नाही तिने. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ साली 'द लॅन्सेट'मध्ये एका सहकाऱ्याबरोबर लिहिलं होतं की सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट विकाराचं जगातलं सर्वांत मोठं कारण लाकूड-गोवऱ्यांचा धूर असू शकतं. ते वाचताना मला चुलीपुढची आजीच दिसत होती.

तू आईला "शेक नको" म्हणू नकोस, तिला लागेल. शेक हवा, निखारा नको, असं म्हण. ओव्याची पुरचुंडी गॅसवर तवा तापवून गरम कर, कंबरेला गरम पाण्याची पिशवी घे. बाळाला मात्र पिशवी लावायची नाही, त्याची कातडी पोळते. त्याला उघडं करून तुझ्या छातीशी धर, वरून दुपटं. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचपेट्या कमी पडल्या, तेव्हा कमी दिवसांची बाळं डॉक्टरांनी अशीच आयांच्या उबेत वाढवली. तुझं तर पुऱ्या दिवसांचं, गुटगुटीत.

डोकं दुखतंय म्हणालीस ना परवा? आईलाही दुखतंय का, विचार. दोघींनाही असेल तर आजच डॉक्टरांकडे जा आणि शेगडीचं आपणहून सांगा. बाळ सुस्त वाटलं तर थांबूच नका.

आता ऊठ, आधी खिडकी उघड. मी फोन धरून आहे. मग आईला दे, तिच्याशी मी बोलते.