'थोमाची कृत्ये' बायबलमध्ये का नाहीत?

३ जुलैला आपण भारताचे प्रेषित संत थोमा यांचा सण साजरा करतो. महाल बांधण्यासाठी गोंडोफर्निस राजाने दिलेला पैसा त्यांनी गरिबांना वाटला, ही कथा 'थोमाची कृत्ये' या ग्रंथातली. राजा खरा; त्याची नाणीही सापडली आहेत. मग ख्रिस्तसभेने हा ग्रंथ लपवला का? नाही. तो प्रेषितांनंतर, तिसऱ्या शतकात लिहिला गेला. शिवाय तो नवविवाहितांना संसारसुख सोडायला सांगतो. आपण तर विवाहाला पवित्र संस्कार मानतो. ३९७ साली कार्थेजच्या धर्मसभेने दिलेल्या बायबलच्या ग्रंथांच्या यादीत तो नाही. मुलांना ही कथा जरूर सांगू या. श्रद्धेचा पाया मात्र शुभवर्तमानावरच ठेवू या.